आलूबोंड्यांवरचा आळ

१

मोतीलाल विणकर वारला तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्याला विष घातलं गेलं, असं गावाने दुपारपर्यंत ठरवून टाकलं.

कुणी घातलं तेही ठरलं. हेमराजच्या हातमाग शेडसमोर मंगलाबाईची आलूबोंड्याची गाडी लागायची. मोतीलाल रोज तिथे खायचा. त्याच्याशेजारच्या मागावर बसणारा टेकचंदही तिथेच खायचा आणि तो आता त्याच दुखण्याने दवाखान्यात पडला होता. एवढा पुरावा गावाला पुष्कळ झाला. चार जणांनी जाऊन मंगलाबाईची कढई गटारात पालथी केली आणि न्याय केल्याच्या समाधानात घरी जेवायला गेले.

हे सगळं मला खाटेवर पडल्या पडल्या कळलं, कारण टेकचंदची खाट माझ्या शेजारीच होती. माझा डावा घोटा प्लास्टरमध्ये होता. सगळी नोकरी सार्वजनिक वाचनालयात गेली, कधी खरचटलं नाही. निवृत्तीनंतर घरच्याच फळीवरचं पुस्तक काढताना स्टुलावरून पडलो. डॉक्टर रंजिता मला म्हणाल्या होत्या, "भय्याजी, पुस्तकामुळे पाय मोडलेला माझा हा पहिलाच पेशंट." यावर काहीतरी चांगलं उत्तर द्यायला हवं होतं. ते मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

वॉर्डच्या दारातून व्हरांड्यातलं बाक दिसायचं. मंगलाबाई सकाळपासून त्या बाकावर बसून असायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"घरी जा ना बाई," हवालदार जीवन तिला वैतागून म्हणाला. "इथं बसून काय करतेस?"

"घरी गेली तं म्हणाल पळाली. कोंढ्याले माहेरी गेली तं म्हणाल फरार झाली. त्यापेक्षा तुमच्या डोयासमोर बसतो नं मी. पाहून घ्या मले पोटभर."

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं नाही. वॉर्डच्या भिंतीवर भंडारा जिल्ह्याचा जुना नकाशा होता, त्याच्याकडे पाहत राहिला. त्या नकाशात गोंदिया अजून आमच्याच जिल्ह्यात होतं. तो बदलायला हवा हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोतीलालच्या व्हिसेऱ्याचा रिपोर्टही त्याच चालीने येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"संध्याकाळी मोठे साहेब येऊन राहिले," हवालदार शेवटी म्हणाला. "ते तुले घेऊन जातील."

२

"विष, विष, विष!" डॉक्टर रंजिता टेकचंदच्या खाटेपाशी येत म्हणाल्या. "असा सणकून ताप आणणारं विष मला कुणी दाखवा तरी. टेकचंदभाऊ, डोळे उघडा."

टेकचंदचे डोळे लालभडक होते, आणि त्या लालीच्या आतून आता पिवळेपणा दिसू लागला होता. डोळ्यांत चिपडं नव्हती, पाणी नव्हतं, नुसती लाली. डॉक्टरांनी त्याच्या पोटरीला बोट लावलं, तसा तो ओरडला.

"ओ माय! हात नोको लावू जी!"

"हे उंदराच्या तापासारखं आहे," डॉक्टर मला म्हणाल्या. वॉर्डात ऐकून घेणारा मी एकटाच होतो. "उंदराच्या लघवीतून जंतू ओल्या जागी पडतात. माणूस त्या ओलीत अनवाणी गेला, पायाला भेग असली, की आत शिरतात. धानाच्या बांधीत राबणारी माणसं दरवर्षी हाच ताप घेऊन येतात. शंका आली तेव्हाच इंजेक्शन सुरू केलं मी, रिपोर्टची वाट पाहिली नाही. पण रिपोर्ट हातात नसताना हे हवालदाराला पटवू कसं? तो विचारतो, विणकराला शेतकऱ्याचा ताप कसा येईल? आणि मलाही उत्तर येत नाही!"

त्या पुन्हा टेकचंदकडे वळल्या. "नीट आठवून सांगा. बांधीत उतरला होता?"

"मले वावरच नाई जी."

"दुसऱ्याच्या वावरात? रोवणीला, निंदणीला?"

"विणकर माणूस मी. मी कायले निंदतो?"

"नदीवर गेलात? तलावात मासे धरायला? गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकडे?"

"नाई."

"घरात पाणी शिरलं होतं?"

"नाई म्हणतो नं मॅडम! पाण्यात पायच नाई टाकला. किती खेप विचारता?"

"उंदीर आहेत?"

"उंदीर कोणाच्या घरी नाईत? तुमच्या दवाखान्यात नाईत का?"

आदल्याच दिवशी एका उंदराने डॉक्टरांचा डबा उघडला होता. त्यांनी टेकचंदच्या पायावरची चादर सरकवली. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सडल्या होत्या.

"आणि या चिखल्या कशा झाल्या? रोवणीच्या बायांना होतात तशा?"

"होतात," टेकचंद म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

नर्सबाई बाटली दाखवायला आल्या. सकाळपासून टेकचंदला लघवी जवळजवळ झालीच नव्हती. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"किडन्या बसू लागल्या. नागपूरला पाठवावं लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "भय्याजी, तो ताप खरोखर उंदराचा असला तर ती ओली जागा गावात कुठेतरी अजून तशीच आहे. आजही तिथे कुणीतरी पाय ठेवत असेल. आणि आपण इथे आलूबोंडे तपासतोय!"

३

दुपारी हवालदाराने वॉर्डातच जबाब घ्यायला सुरुवात केली, कारण पंखा तिथेच चालू होता.

पहिली आली शकुनबाई, मोतीलालची बायको. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"त्याने बोंडे खाल्ले होते?"

"रोज खायचे. ज्या दिवशी ताप आला त्याच्या आदल्या दिवशी घरीही आणले होते पुडीत. मीही खाल्ले."

मी खाटेवर उठून बसलो. डॉक्टर लगेच म्हणाल्या, "ऐकलंत हवालदार? त्याच पुडीतले हिनेही खाल्ले. ही ठणठणीत आहे."

"एखाद्याच बोंड्यात असू शकते मॅडम," हवालदार शांतपणे म्हणाला. ज्याला विष हवंच आहे त्याला ते कुठेही सापडतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मग हेमराज आला. एरवी हा माणूस चकचकीत बूट घालून फिरणारा. आज पायात ढगळ चपला होत्या आणि डोळ्यांवर काळा गॉगल. वॉर्डात आला तरी गॉगल काढला नाही. व्हरांड्याच्या दोन पायऱ्या चढून आल्यावर त्याने खांबाला धरून जरा दम घेतला. दुःख म्हणावं, असं मी मनाशी म्हटलं. मोतीलाल त्याच्या शेडमधला सगळ्यात जुना कारागीर होता.

"तुम्ही कधी तिच्या गाडीवर खाल्लं?" हवालदाराने विचारलं.

"म्या?" हेमराजचा आवाज चढला, बाहेर बाकापर्यंत जावा असाच. "त्या बाईच्या हातचं मी पाणीही पेत नाई. आमच्या घरचा नेम आहे. आजवर मोडला नाई."

"पाजलं कोणं तुले?" बाकावरून आवाज आला.

शकुनबाई दाराशी घुटमळत होती. "हेमराजभाऊ, यांच्या मागावर अर्धी साडी होती. तेवढी द्या मले. त्यांच्या हातची शेवटची आहे."

"ते झाली पुरी. गेली प्रदर्शनाले."

"पुरी कोणं केली?"

"लावला एक माणूस."

"कोणता? आपल्या गल्लीतला तं कोणी तुमच्याकडं आला नाई. मी रोज दारात बसून असतो."

"लावला नं एक माणूस! आता त्याची कुंडली दाखवू का?" हेमराज खेकसला आणि भिंतीचा आधार घेत स्टुलावर बसला. बसताना त्याने दोन्ही हातांनी पोटऱ्या धरल्या होत्या.

मी ते पाहिलं. पण माझी पाहण्याची सवय पुस्तकात डोकं घालून पाहण्याची आहे. पुढचं वाक्य वाचल्याशिवाय आधीच्या वाक्याचा अर्थ मला लागत नाही.

४

मला वाटलं होतं, रंग असेल. सुताच्या रंगातलं काही पोटात गेलं असेल. अर्धा तास धीर गोळा करून मी डॉक्टरांना तसं म्हणालो.

"रंगाने पोटऱ्या दुखत नाहीत भय्याजी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मी पुस्तक उघडून तोंडापुढे धरलं. अशा वेळी मी तेवढंच करू शकतो.

थोड्या वेळाने कुबडी घेऊन व्हरांड्यात गेलो. मंगलाबाईने सरकून मला बाकावर जागा दिली.

"बसा जी. का माह्यासंग बसलं तं तुमाले बी नेतील?"

"नाही नाही," मी म्हणालो, आणि नंतर वाटलं की हे फार घाईने म्हटलं.

"तुमी तं कोष्ट्याच्या घरचे. यायले समजावून सांगत काहून नाई? पुस्तकं वाचून वाचून माणूस मुका होते का?"

"मला नक्की काही माहीत नाही ना, मंगलाबाई."

"गावाले कुठं माहीत आहे? तरी बोलूनच राहिलं नं!" मग तिने कढईचा विषय काढला. कढई तिच्या सासूची होती. नवी कुठून आणायची, आणि आणली तरी तिच्या हातचं आता खाणार कोण? "मोतीलालभाऊ गेला त्याचं मले वाईट नाई वाटत का? तो चांगला होता. फक्त माह्या गाडीपाशी राडा करे. भर उन्हात येई अन् पायाचे ओले ठसे उमटवत जाई, तो बी अन् टेकचंद बी. मी दहादा सांगतलं, बाप्पा, पाय पुसून येत जा, माणसं घसरतात इथं. तं हासत."

"ओले ठसे?"

"ओले नं! कोरड्या रस्त्यावर."

दसऱ्याआधीचे दिवस होते. ऊन कातडी जाळत होतं, रस्त्यावर थेंबभर पाणी नव्हतं. ही माणसं सकाळपासून शेडमध्ये बसून काम करणारी. त्यांचे पाय ओले कशाने?

आणि मग मला माझ्या बापाचा माग आठवला.

हातमाग जमिनीवर असतो. विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. तिथे त्याच्या पावलांखाली फळ्या असतात, त्या दाबत दाबत तो विणतो. कोरड्या हवेत सूत सारखं तुटतं. म्हणून उन्हाच्या दिवसांत खड्डा मुद्दाम ओला ठेवतात. सुताला खळ लावून झाली की भांड्यात उरलेलं तांदळाच्या पेजेसारखं पाणी माझा बाप त्याच खड्ड्यात ओतायचा. आई ओरडायची, उंदीर येतात म्हणून. बाप म्हणायचा, उंदीर परवडले, सूत तुटलेलं परवडत नाही.

टेकचंद खोटं बोलला नव्हता. बांधी, नदी, तलाव, पूर, सगळ्याला त्याने खरं उत्तर दिलं होतं. पण पाणी म्हटलं की विणकराला नदी आठवते. ज्या ओलीत तो दिवसभर पाय घालून बसतो ती त्याच्या लेखी पाणी नव्हे, माग आहे. मलासुद्धा ती आत्ता आठवली होती, आणि मी तर त्या खड्ड्याच्या काठावर लहानाचा मोठा झालो.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. मोठे साहेब आले होते.

५

मोठे साहेब घाईत होते. मंगलाबाईला जीपमध्ये बसवायचं आणि अंधार पडायच्या आत भंडाऱ्याला पोचायचं, एवढंच त्यांचं काम होतं. हेमराज त्यांच्या बाजूला उभा होता. उभा कसला, खिडकीच्या गजाला धरून लोंबत होता.

मी वॉर्डात परत येऊन डॉक्टरांना खड्ड्याचं सांगितलं. माझं वाक्य तीनदा अडखळलं. पण त्यांचे डोळे मोठे झाले.

"चिखल्या!" त्या म्हणाल्या. "अहो, चिखल्या तरी माझ्या लक्षात यायला हव्या होत्या!" मग त्यांनी सगळं साहेबांना सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि घड्याळ पाहिलं. "मॅडम, असेल तसं. पण खड्डेही होते आणि बोंडेही होते. दोघांनी दोन्ही केलं. कशाने मेला ते रिपोर्ट सांगेल. तोवर हिला न्यावंच लागेल."

बोलणं बरोबर होतं, म्हणून माझा आणखी संताप झाला. संताप आला की मला घाम फुटतो. दोन्ही केलेले दोघे होते. बोंडा न खाता नुसते पाय त्या खड्ड्यात घातलेला एक माणूस हवा होता.

आणि मग मला दिवसभर पाहिलेलं सगळं एकत्र दिसलं.

"हेमराजभाऊ," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. "हेमराजभाऊ, गेल्या आठ-पंधरा दिवसांत तुम्ही मंगलाबाईचा बोंडा खाल्ला?"

"काय गोठ करता भय्याजी? सांगतलं नं! बोंडा सोडा, तिच्या हातचं पाणी नाई!"

"चहा?"

"नाई!"

"चुकूनही नाही? शपथेवर?"

"देवाची शपथ! सारं गाव सांगन!"

"मग," मी म्हणालो, "तो गॉगल काढता का?"

हेमराज हलला नाही. डॉक्टर पुढे झाल्या आणि एखाद्या हट्टी मुलाच्या तोंडातली गोळी काढावी तसा त्यांनी तो गॉगल काढला. आतले डोळे टेकचंदच्या डोळ्यांसारखेच लालभडक होते. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला, मग वाकून पोटरी दाबली. हेमराज असा ओरडला की बाहेरच्या जीपचा ड्रायव्हर आत धावत आला.

"बूट का नाही घातले आज? बोटं दाखवा. हं. इथेही चिखल्या. कधीपासून अंगात ताप आहे?"

"परवापासून," हेमराज म्हणाला. त्याचा चढा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"मोतीलालची अर्धी साडी तुम्हीच पुरी केली ना?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "तो खाटेवर पडला तवा. प्रदर्शनाची तारीख आली होती. माणूस कुठून आणू? बापाने शिकवलं होतं मले. शटर पाडून आतून बसत होतो. शेठ झालेला माणूस पुन्हा मागावर बसला म्हणून लोक हासले असते."

"आणि ताप का लपवला?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेड बंद पाडतील म्हणून."

"अन् मी जेलात गेली असती ते?" मंगलाबाई दारात उभी होती.

डॉक्टर साहेबांकडे वळल्या. "आता तिसरा पेशंट बघा. बोंडा नाही, चहा नाही, पाणी नाही. आपल्या तोंडाने, देवाची शपथ घेऊन, तुमच्यासमोर सांगतोय. मोतीलालच्या खड्ड्यात पाय मात्र होते. अजून कशाचा रिपोर्ट हवाय?"

साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने नकाशाकडे. मग जीप आली तशी रिकामीच परत गेली.

६

टेकचंदला त्याच संध्याकाळी नागपूरला पाठवलं. तिथे त्याच्या किडन्या पुन्हा चालू झाल्या. परत आला तेव्हा आधी माझ्यावरच चिडला, की बापाचा माग तुम्हाला आधी काहून नाही आठवला. त्याला काय सांगणार? तो प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. शेडमधले खड्डे उपसले, सगळ्या विणकरांना गोळ्या दिल्या. उपसताना टोपलीभर उंदीर निघाले म्हणतात. मोतीलालच्या व्हिसेऱ्याचा रिपोर्ट अजून यायचा आहे.

पण मला सांगायचं आहे ते जीप गेल्यानंतरचं.

हेमराजला माझ्या शेजारच्या, टेकचंदच्या रिकाम्या खाटेवर घेतलं. हाताला सलाईन लावलं. तापाने त्याचे ओठ सुकले होते.

"पाणी पाजत राहा याला, भरपूर," डॉक्टर म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

वॉर्डचा माठ रिकामा होता. दवाखान्याची मोटर बंद पडली होती. ती नेहमी अशाच वेळी बंद पडते. हेमराजच्या घरी निरोप गेला होता, पण अजून कुणी आलं नव्हतं. मी उठायला लागलो तर कुबडी खाटेखाली गेली.

"पाणी," हेमराज म्हणाला. कुणाला म्हणाला ते स्पष्ट नव्हतं.

मंगलाबाई घरी निघाली होती. पिशवी काखेत घेऊन ती दाराशी थांबली. पिशवीत तिचा झाकणाचा पाण्याचा लोटा आणि वाटी होती. ती आत आली, लोटा काढला, वाटी भरली आणि त्याच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली. पण वाटी पुढे केली नाही.

"हवालदार!" तिने हाक मारली.

जीवन व्हरांड्यातून आत आला. "आता काय झालं?"

"इथं या. याचे डोये पाहा. लाल आहेत का?"

"आहेत."

"ताप आहे का? हात लावून पाहा. नीट लावा."

हवालदाराने हात लावला. "आहे नं बाई."

"पाणी अजून पाजलं नाई मी. हे ध्यानात ठेवा. भय्याजी, तुमी बी ठेवा, तुमाले पुस्तकातलं सारं ध्यानात राहते म्हणतात. जे काय झालं ते माह्या पाण्याच्या आधी झालं. नंतर मले कोणी बोलायचं नाई."

मग तिने वाटी हेमराजच्या तोंडाशी नेली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा हवालदाराकडे. आणि तो प्यायला.

"अजून," तो म्हणाला.

"थांब," मंगलाबाई वाटी पुन्हा भरत म्हणाली. "अन् मले नवी कढई पाहिजे. जुनीएवढीच जाड."